आगोट ते आगोट

मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलं की थोड्याच वेळात मनोरी येतं. कागदोपत्री ही मुंबईच. महापालिका तीच, मतदारयादीही मुंबईचीच. पण खाडीच्या या अंगाला अजून भातखाचरं आहेत, ताड आहेत, आणि गावाच्या कडेला आमची बावीस गुंठ्यांची वाडी आहे. सासऱ्यांची. ते गेल्यावर ती नुसतीच पडून होती. मी विम्याच्या कचेरीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली, नवऱ्याचं दुकान धाकट्या दिरांनी सांभाळायला घेतलं, आणि सासूबाईंना घेऊन आम्ही इथे राहायला आलो. नळ गावात आहे, वाडीपर्यंत जोडणी नाही. नातेवाइकांना वाटलं, हे काहीतरी निसर्गजीवनाचं खूळ असणार. खूळ वगैरे काही नव्हतं. बांधावरून टँकर आत येत नाही, एवढंच.

मुंबईला पाऊस कमी आहे असं कोणी म्हणणार नाही. सांताक्रूझला पावसाळ्याची सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे डोक्यात बसलं की बाकीचा हिशेब शाळेतला. आमचं छप्पर ६० चौरस मीटर, मंगलोरी कौलांचं. थोडं पाणी कौलं पितात, थोडं वाऱ्याने उडतं, थोडं पन्हळीबाहेर सांडतं, म्हणून शंभरातले ऐंशी धरायचे. तरी वर्षाचे लाखभर लिटर होतात. मी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग उरलेलं विकायचं का?"

पण हे लाखभर लिटर चार महिन्यांत येऊन जातात. मोसमी पाऊस मुंबईत यायची सरासरी तारीख ११ जून, परतायची ८ ऑक्टोबर. पुढचे आठ महिने कोरडे. मधे एखादी अवकाळी सर, मे सरताना वळीव आला तर आला. तेव्हा किती पडतो यापेक्षा पडलेला कशात धरून ठेवायचा, हा खरा घोर. टाकी हे त्याचं सगळ्यांत दिखाऊ उत्तर. येणारा-जाणारा टाकीचाच फोटो काढतो. मला विचाराल तर टाकी हा यातला सगळ्यांत सोपा भाग आहे.

सोपा का, तर माणसाची तहान फार थोडी असते. प्यायला आणि रांधायला तिघांना मिळून दिवसाला पंचवीस लिटर धरले, तरी आठ महिन्यांचे सहा हजार लिटर होतात. आम्ही वीस हजारांची टाकी बांधली, कारण उन्हाळ्यात विहीर मचूळ होते आणि शेवटची आंघोळ तरी गोड्या पाण्याची हवी, असा सासूबाईंचा आग्रह. टाकी फेरोसिमेंटची आहे. सळ्या आणि वेल्डमेशचा सांगाडा, त्यावर आतून-बाहेरून कोंबडीजाळी, आणि एकास तीन सिमेंट-वाळूचा गिलावा. व्यास सव्वातीन मीटर, उंची अडीच, निम्मी जमिनीत. भिंत जेमतेम इंचभर. भाईंदरहून आलेल्या गवंड्याला ती इंचभर भिंत काही केल्या पटेना. "ताई, दोन पावसाळे काढील का ही?" असं तो रोज विचारायचा आणि रोज गपचूप थोडा जास्त माल थापायचा. भर एप्रिलात गोणपाट गुंडाळून तिच्यावर तीन आठवडे पाणी मारलं. त्यासाठी विहिरीतून किती बादल्या ओढल्या ते विचारू नका. पहिलं भरलेलं पाणी सिमेंटच्या चवीचं, ते भांडी-कपड्यांना काढलं.

पहिला पाऊस मात्र टाकीत घ्यायचाच नाही. आठ महिन्यांची धूळ, कावळ्यांची घाण, बदामाचा पाला, सगळं त्यात येतं. छपरावरचा पहिला एक मिलिमीटर सोडायचा म्हटला तर आमचे साठ लिटर होतात. बाजारात त्यासाठी उभ्या पाइपची जोडणी मिळते, पण चार इंची पाइपच्या एका मीटरमध्ये आठच लिटर मावतात. म्हणजे साडेसात मीटर पाइप घराभोवती फिरवायचा! त्यापेक्षा शंभर लिटरचा निळा पिंप बसवला. पन्हळीचं पाणी आधी पिंपात, पिंप तुडुंब झाला की वरच्या तोटीतून टाकीकडे. पिंपाच्या बुडाला नळ आहे, तो कायम किंचित ठिबकत ठेवायचा, म्हणजे दोन पावसांच्या मधे पिंप आपोआप रिकामा होतो. मग जाळी, वाळू, खडी. कोळशाचा थर सगळे सांगतात, पण तो दरवर्षी बदलला नाही तर उपयोगाचा राहत नाही. आम्ही काढून टाकला. पिण्याचं पाणी उकळतो, झालं.

या पाण्यात तुरीची डाळ झटकन शिजते, साबणाला फेस इतका येतो की आधी धुवून निघतच नाही असं वाटतं. जडपणा नसतो ना पाण्याला. चहाबद्दल घरात दोन मतं आहेत.

टाकी भरायला चारशे-सव्वाचारशे मिलिमीटर पाऊस पुरतो. जुलैत तेवढा दोन-तीन आठवड्यांत पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर झाला होता; तसा एक दिवस आमच्या छपराला दोन टाक्या भरून वर उरेल एवढं पाणी देऊन जाईल. म्हणून भरण्याची घाई नसते. आषाढात आम्ही पन्हळीचा नळ विहिरीकडे वळवतो आणि टाकीतलं पाणी हात न आखडता वापरतो. ती अर्ध्यावर आली की श्रावणापासून पुन्हा भरून घ्यायची. तोवर छप्पर धुऊन लख्ख झालेलं असतं, हवेतली धूळ बसलेली असते. उत्तरा आणि हस्ताचं पाणी ठेवणीतलं. ते पुढच्या मे महिन्यापर्यंत वास न येता राहतं. अट एकच, उजेड आत जाता कामा नये. उजेड गेला की शेवाळ.

हे सगळं आम्हीच शोधून काढलं अशा तोऱ्यात मी होते. मग भाच्याला घेऊन बोरिवलीच्या उद्यानात कान्हेरीला गेले. लेणी पूर्वी पाहिली होती, पण मूर्ती बघत. या खेपेला पाणी बघत फिरले. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या तोंडाशी कातळात खोदलेलं टाकं आहे, आणि वरच्या कातळावरून पाणी त्यात उतरावं म्हणून हातभर लांबीचे, बोटभर खोल चर कोरलेले आहेत. टाक्याचं तोंड लहान, पोट मोठं, आणि वरून सावली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंना हाच चार महिने पाऊस आणि हेच आठ कोरडे महिने होते. टाकी खोदून देणाऱ्या दात्यांचे लेखही तिथे आहेत. भाचा म्हणाला, "मावशी, तुझ्या टाकीवर पण नाव कोर." गवंड्याचं कोरायला हवं खरं तर.

झाकणाची गोष्ट निराळी. मुंबईत पाणी साठवणाऱ्याच्या दारात कधी ना कधी डास शोधणारे कर्मचारी उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. इथला मलेरियाचा डास, अ‍ॅनाफिलीस स्टीफन्साय, गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. टाकी नाहीतर विहीर. १९११ मध्ये बेंटली नावाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला आणि त्यानंतर शहरातल्या विहिरी झाकायची, बुजवायची मोहीम निघाली. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर टिकली ती पारशी समाजाच्या श्रद्धेमुळे. आमच्या टाकीला घट्ट लोखंडी झाकण आहे, ओसंडून जाणाऱ्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी आहे, आणि विहिरीत गप्पी मासे आहेत. पन्हळ मात्र दर रविवारी हात फिरवून साफ करावी लागते. पाल्यामागे वाटीभर पाणी तुंबलं तरी आठवड्यात अळ्या दिसतात.

आता विहीर. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, खाडी मागे. विहीर पंधरा-सोळा फूट खोल, चिऱ्यांनी बांधलेली. पावसाळ्यात पाणी काठाला येतं, दिवाळीला ते गोड असतं, होळीनंतर जिभेला कळायला लागतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र लेकीने आणून दिलं. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ५०० मिलिग्रॅम चांगलं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. आमची विहीर मे महिन्यात दोन हजारांच्या पुढे जाते. टाकीतल्या पाण्याचा आकडा त्या यंत्रावर इतका कमी येतो की लेकीला वाटलं यंत्र बिघडलं.

खारेपणा कुठून येतो हे कळायला मला वेळ लागला, आणि कळल्यावर पंपाकडे बघायची नजरच बदलली. किनाऱ्याच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. ठोकताळा असा, की समुद्राच्या पातळीच्या वर फूटभर गोडं पाणी असलं तर खाली चाळीस फूट गोड्याचा थर तोलला जातो. उलट बाजूने वाचलं की घाम फुटतो. जोराचा पंप लावून वरची पातळी फूटभर खाली खेचली, की खालून खारं पाणी चाळीस फूट वर यायला मोकळं होतं. एकदा विहीर खारावली की पुढच्या पावसाळ्याशिवाय इलाज नाही.

म्हणून आम्ही पाच अश्वशक्तीचा जुना पंप विकला. आता अर्ध्या अश्वशक्तीचा लहान पंप आहे आणि त्याचा सक्शन पाइप रिकाम्या कॅनला बांधून पाण्यावर तरंगता ठेवलाय, म्हणजे सगळ्यांत वरचं, सगळ्यांत गोडं पाणी तेवढं उचललं जातं. तोही सकाळी थोडा, संध्याकाळी थोडा. फेब्रुवारीपासून पंप बंद, रहाटच. शिवाय टाकी भरून वाहणारं सगळं पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात जातं, आणि आषाढात तर पन्हळीचा नळच तिकडे असतो. तेव्हापासून विहीर मचूळ व्हायला साधारण महिनाभर उशीर होतो. शेजारच्या वाडीतल्या काकी सुरुवातीला हसायच्या, "जमिनीत कसलं पाणी ओततेस गो, ढगातून पडतंय ते कमी हाय?" आता त्यांच्या वळचणीचं पाणीही त्यांच्या विहिरीकडे गेलंय, पण त्याचं श्रेय त्या त्यांच्या मुलाला देतात.

खाण्याचं सांगायचं तर बारा गुंठ्यांत भात. गुंठ्याला तीस किलोच्या आसपास भात येतो, भरडल्यावर त्याचे वीस किलो तांदूळ. म्हणजे वर्षाचे अडीचशे किलो. तिघांना रोजचा भात आणि तांदळाची भाकरी धरून ते काटोकाट पुरतात. गणपतीत माणसं फार झाली तर मालाडहून पिशवी येते. खाडीकडच्या खालच्या पट्ट्यात भरतीचं पाणी कधीमधी मुरतं, तिथे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं खारं सोसणारं वाण लावतो. वरच्या खाचरांत कर्जतचं.

लावणीला आता माणसं मिळत नाहीत. म्हणून नेरळला जाऊन चंद्रशेखर भडसावळ्यांचं सगुणा तंत्र पाहून आलो. चिखलणी नाही, लावणी नाही, एकदाच करून ठेवलेल्या गादीवाफ्यांवर भात टोकायचा आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. कष्ट निम्म्याने वाचतात यात शंका नाही. पण त्यात तणनाशक येतं, आणि ते आमच्या उथळ विहिरीच्या डोक्यावर मारायची माझी तयारी नाही. मग तण हाताने उपटायचं. वाचलेले निम्मे कष्ट तिथे परत जातात. तरीही निम्म्या खाचरांत आम्ही तेच ठेवलंय, आणि कारण भाताचं नाही, वालाचं आहे.

कापणी झाली की त्याच रानात कडवे वाल टोकायचे. त्यांना पाणी द्यावं लागत नाही. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दंव, एवढ्यावर वाल फुलतो, शेंगा धरतो. गादीवाफ्याची माती कुजलेल्या मुळांनी भुसभुशीत झालेली असते. चिखलणीच्या खाचरात डिसेंबरात भेगा पडलेल्या असतात तेव्हा इथे बोट खुपसलं तर गार लागतं. वीस हजार लिटरची टाकी आम्ही इतक्या खटाटोपाने बांधली. त्याच्या कितीतरी पट पाणी ती बारा गुंठे माती आपल्या पोटात धरून बसलेली असते, झाकणाशिवाय, डासांशिवाय. उघडं तळं खोदायचा विचार केला होता, पण उन्हाळ्यात तळ्याचं पाणी दिवसाला चार-पाच मिलिमीटर नुसतं उडून जातं. त्यापेक्षा पेंढ्याने झाकलेली माती बरी.

पावसाळ्यात भाजीची चंगळ असते. मांडवावर शिराळी, पडवळ, काकडी. खाली भेंडी, माठ. कुंपणाशी न लावता उगवलेला टाकळा आणि कुर्डू. मोरीचं पाणी अळूला आणि केळींना, बाराही महिने. ज्याला अवघड म्हणावं ते मार्चपासून पुढचं. सुरुवातीला मला वाटायचं, थोडी जास्त टाकी, थोडं ठिबक, की मे महिन्यातही पालक काढू. काढता येतो. पण पालकाच्या एका वाफ्याला तीन माणसांच्या पिण्याइतकं पाणी रोज लागतं, आणि ते पाहिल्यावर तो पालक घशाखाली उतरेना. सासूबाईंना हा पेच कधीच नव्हता. "उन्हाळ्यात कोण पालेभाजी खातं?" त्या म्हणाल्या. त्यांनी माळ्यावर बोट दाखवलं.

माळ्यावर तांबडे भोपळे आणि कोहळे असतात, देठासकट काढलेले, एकमेकांना न टेकता ठेवलेले. सुरण आणि कोनफळ मातीच्या ढिगात. वालाचे डबे राखेत घोळून भरलेले. त्याचं बिरडं आठवड्यातून दोनदा. आंबोशी, आमसुलं, कोहळ्याचे सांडगे, आणि खळ्यावर वाळवलेले बोंबील-जवळा, ते कोळीवाड्यातून भाताच्या बदल्यात येतात. शेवगा आणि फणसाला पाणी घालावं लागत नाही. पाऊस यायच्या आत वर्षाची बेगमी करायची, तिला आमच्याकडे आगोटीची तयारी म्हणतात. ती मला आजवर पावसाळ्यासाठीची वाटत होती. निम्मी तयारी उन्हाळ्यासाठीची असते, आणि ती ऑक्टोबरातच सुरू होते. एप्रिल-मे मध्ये आम्ही ओलं जवळजवळ काहीच खात नाही. तक्रार फक्त लेकीची, ती बोरिवलीहून येताना कोथिंबिरीची जुडी आणते.

स्वयंपूर्ण आहात का, असं विचारलं तर नाही. तेल, साखर, चहा, डाळींपैकी तूर, गॅस, औषधं, सगळं बोटीने येतं. मीठ येतं, समुद्र दारात असूनही. वीज येते, आणि नवऱ्याच्या दुकानाचा वाटा येतो म्हणून छपराची कौलं बदलता येतात. नुसत्या बावीस गुंठ्यांवर घर चालतं असं कोणी सांगितलं तर त्याच्या पासबुकाकडे एकदा बघून घ्यावं. पाण्याच्या बाबतीत मात्र आम्ही कोणाच्या भरवशावर नाही. जूनच्या पेपरात मोडकसागर, तानसा, भातसा आणि बाकीच्या तलावांची पातळी छापून येते. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी शहरात दहा टक्के पाणीकपात झाली. मी टाकीत बांबूची काठी उतरवते, तिच्यावर हजार-हजार लिटरच्या खुणा आहेत. मृग लागला तरी पाऊस नसेल आणि काठी चौथ्या खुणेखाली ओली असेल तर कपात आमच्याकडेही होते. ती सासूबाई जाहीर करतात, आणि पहिली नवऱ्याच्या शॉवरवर येते.

मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प व्हायचा आहे, रोज २० कोटी लिटरचा. तो झाला की तुमची टाकी कशाला, असं गावात विचारतात. प्रकल्पाचं पाणी मुंबईच्या नळांना जाईल, कदाचित एक नळ आमच्या बांधापर्यंतही येईल, आला तर घेऊ. वालाला आणि विहिरीला तो कसा पोचणार? या वर्षी गोठ्याच्या पत्र्याला पन्हळ लावायची आहे. पंचवीस चौरस मीटर आहे, पत्रा कौलांसारखं पाणी पीत नाही, म्हणजे वर्षाला पन्नास हजार लिटरच्या आसपास मिळेल. नवऱ्याला त्यासाठी दुसरी टाकी हवी आहे. मी शोषखड्डा मोठा करायचा म्हणतेय. गवंड्याला बोलावलंय, तो दोन्हींचा खर्च सांगेल. पण मृगाला फार दिवस उरले नाहीत आणि खड्डा खणायला सिमेंट लागत नाही.